पोर्ट्रेट फोटोत डोळे धारदार आणि चमकदार कसे येतील?

डोळ्यांतली चमक म्हणजे बुबुळावर उमटलेलं प्रकाशाचं प्रतिबिंब. त्यामुळे आधी प्रकाश बघा, कॅमेरा नंतर. माणसाला मोठ्या खिडकीसमोर जरा तिरकं बसवा, खोलीतले दिवे बंद करा आणि दोन्ही डोळ्यांत वरच्या बाजूला तो पांढरा ठिपका दिसेपर्यंत चेहरा हळूहळू वळवायला सांगा. ठिपका नसेल तर महागडी लेन्सही डोळ्यांत जीव आणू शकत नाही. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. अशा वेळी सावलीच्या कडेला या आणि हनुवटीखाली पांढरा पुठ्ठा धरा, फरक लगेच दिसतो.

धारदारपणासाठी फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर, तोही पापण्यांवर नाही, बुबुळावर. ८५ मिमी लेन्सवर एफ/१.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं) ठेवून तिरक्या चेहऱ्याचा जवळून फोटो काढला तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर होऊ शकतो. छिद्र लहान करून एफ/४ च्या आसपास या. शटरचा वेग १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. कॅमेऱ्यात आय ऑटोफोकस (डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस करणारी सोय) असेल तर बिनधास्त वापरा.

एडिटिंगमध्ये मात्र डोळ्यांचा पांढरा भाग फार उजळू नका, माणूस बाहुलीसारखा दिसायला लागतो.