फराळाच्या डब्याला गोष्टीत काम द्या

प्रश्न : सांगलीत आमचं फराळाचं दुकान आहे. दिवाळीसाठी एका मिनिटाची जाहिरात करायची आहे. पुण्याहून मुलगा अचानक घरी येतो, आई रडते, शेवटी आमचा डबा दिसतो, अशी गोष्ट लिहिली. सगळे म्हणतात, छान आहे, पण कुठल्याही दुकानाची वाटते. काय बदलू?

उत्तर : डबा काढून टाकला तरी तुमच्या गोष्टीचं काही अडत नाही, हीच गडबड आहे. तिथे साडी ठेवली तरी चालेल. गूगलची 2013 सालची भारतातली जाहिरात आठवा. फाळणीत ताटातूट झालेले दोन मित्र, एक दिल्लीत, एक लाहोरला. नात आजोबांच्या आठवणीतली बाग आणि मिठाईचं जुनं दुकान नेटवर शोधत लाहोरच्या मित्रापर्यंत पोचते. गूगल काढलं तर म्हातारे भेटतच नाहीत. उलट जर्मनीच्या एडेका या किराणा साखळीने 2015 च्या नाताळात असे वडील दाखवले, जे स्वतःच्या मृत्यूची खोटी बातमी पाठवून मुलांना घरी आणतात. लोक रडले, पण भावनिक ब्लॅकमेल म्हणून टीकाही झाली. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या धंद्यातली खरी गोष्ट म्हणजे ‘विकतचा फराळ’ म्हणताना वाटणारी लाज. यंदा सासूच्या हातात सोऱ्या फिरवायचं बळ नाही. सून गुपचूप चकल्या आणून घरच्या स्टीलच्या डब्यात ओतते. पहिला तुकडा मोडताच सासूला कळतं. ती म्हणते, “किलोला काय पडली?” आणि दुसरी उचलते. बस, रडारड नको.

लपवाछपवी पहिल्या सेकंदापासून सुरू करा, कारण यूट्यूबवर बहुतेक वेळा पाचव्या सेकंदाला ‘स्किप’ येतं. चकली मोडायचा क्षण चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास, दुकानाचं नाव शेवटच्या पाचात. संवाद सगळे मिळून तीसेक शब्द, आणि तेही पडद्यावर लिहा. पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

प्रश्न : मोबाइलवर शूट केलं तर माळा लुकलुकतात, पणत्यांची ज्योत पांढरी दिसते. काय करावं?

उत्तर : आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधा विजेचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सगळं हाताने ठरवता येतं) सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्र टिपायचा वेळ, 1/50 सेकंद ठेवा. मग प्रत्येक चित्रात दिव्याची पूर्ण दोन आवर्तनं येतात. स्वस्त एलईडी माळांचा कंट्रोलर तरीही दगा देतो, म्हणून आदल्या दिवशी चाचणी घ्या आणि लुकलुकणारी माळ सरळ बदला. व्हाइट बॅलन्स (रंगाची पिवळी-निळी छटा ठरवणारं सेटिंग) 3200 केल्विनच्या आसपास लॉक करा, एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, ज्योतीला धरून कमी करा आणि चेहऱ्यासाठी पिवळसर बल्ब पणतीच्या बाजूने द्या. अंगणातले शॉट सूर्यास्तानंतरच्या वीसेक मिनिटांत उरका. त्यानंतर आभाळ काळं पडतं. पंखा बंद. दर टेकआधी तेल आणि वात सारखी करा, नाहीतर कट जोडताना पणती मध्येच विझत आल्यासारखी दिसते.

प्रश्न : जुनं सिनेमाचं गाणं टाकलं तर?

उत्तर : परवानगीशिवाय नको. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, शब्द-चालीचे वेगळे. स्वतः गायलात तरी दुसरे लागतातच. ‘दिन दिन दिवाळी, गाई म्हशी ओवाळी’ पारंपरिक आहे, ते घरातल्या बायकांकडून नव्याने गाऊन घ्या. कुणाची तयार कॅसेट उचलू नका. हीच जाहिरात गावच्या थिएटरात लावायची असेल तर आधी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, तेव्हा अर्ज दिवाळीच्या तोंडावर ठेवू नका.