हजेरीसंबंधी नव्या गुरुजींना

आपण नंदुरबारकडील शाळेत नुकतेच रुजू झाला आहात, म्हणून आरंभी मोजकेच सांगतो. मूल सलग दोन दिवस दिसले नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता घरी जावे आणि जाब न मागता ख्यालीखुशाली विचारावी. अहिराणीतले किंवा भिलोरीतले एखादे मोडकेतोडके वाक्यही तेथे नोटिशीपेक्षा अधिक काम करते. गैरहजेरीचे कारण वहीत नोंदवावे, कारण कापूसवेचणीला गेलेले मूल काही दिवसांत परतते, ऊसतोडीला गेलेले मात्र कित्येक महिने परतत नाही. त्याला निघण्यापूर्वीच शिक्षण हमी कार्ड (जे दाखवून जाईल तेथील शाळेत बसता येते) द्यावे.

नवखे शिक्षक दोन चुका हमखास करतात (मीही केल्या):

- परतलेल्या मुलाला वर्गासमोर रागावणे.
- कंटाळून पटावरून नाव कमी करणे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक (आठवीपर्यंतचे) शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

तक्ते, टक्केवारी पुढे पाहू.