खोट्या नावाने खेळलेला एखादा व्यावसायिक बेसबॉलपटू खरोखर आहे का? त्याने असं का केलं असेल?

आहे. तेव्हाच्या क्लीव्हलँड इंडियन्स या अमेरिकी संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, फाउस्टो कार्मोना. १९ जानेवारी २०१२ ला तो व्हिसाच्या नूतनीकरणासाठी डॉमिनिकन रिपब्लिक या त्याच्या देशाच्या राजधानीतल्या, सांतो दोमिंगोतल्या अमेरिकी वकिलातीत गेला होता. वकिलातीबाहेरच पोलिसांनी त्याला पकडलं, आणि त्याचं खरं नाव रोबेर्तो हर्नांडेझ एरेडिया असून वय सांगितल्यापेक्षा तीन वर्षांनी जास्त आहे, हे जगाला कळलं.

तो काही किरकोळ खेळाडू नव्हता. २००७ च्या हंगामात त्याने १९ सामने जिंकून दिले. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या) सामन्यात ईरी सरोवरावरून चिलटांचे थवे मैदानात घुसले. यांकीजचा तरुण पिचर जोबा चेंबरलेन अंगावर चिलटं पळवायचे फवारे मारून घेत होता, त्याचे चेंडू भरकटत होते. कार्मोनाच्या मानेवर, गालांवर चिलटं बसलेली, तरी तो शांतपणे टाकत राहिला. नऊ इनिंगमध्ये त्याने एकच धाव दिली, आणि शेवटी यांकीजचा स्टार फलंदाज ॲलेक्स रॉड्रिग्झला बाद केलं. ते कसब कुणाच्याही कागदावरून उसनं आणलेलं नव्हतं.

मग नाव का बदललं? डॉमिनिकन मुलांना अमेरिकी क्लब सोळाव्या वर्षापासून करारबद्ध करतात, आणि पुढे दर वर्षागणिक मुलाचा भाव घसरतो. डिसेंबर २००० मध्ये क्लीव्हलँडने त्याला घेतलं तेव्हा कागदोपत्री तो १७ वर्षांचा होता, प्रत्यक्षात २०. विशीतल्या अनोळखी मुलाकडे बहुधा कुणी वळूनही पाहत नाही. त्यात मुलांना तयार करणारे तिथले दलाल, म्हणजे 'बुस्कोन', कराराच्या रकमेत वाटा घेतात, त्यामुळे वय कमी दाखवण्यात त्यांचाही फायदा असतो. आपल्याकडे वयोगटाच्या क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढावा लागतो, तो अशाच कारणांसाठी.

खोटं ते खोटंच, आणि ज्याची जागा गेली त्या खऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. पण सगळा दोष त्या एका पोरावर टाकणं मला पटत नाही. वयावर बोली लावणारा बाजार त्याने उभा केला नव्हता.

शिक्षा त्याला झाली. २०१२ चा ७० लाख डॉलरचा करार कमी रकमेवर नव्याने करावा लागला, लीगने तीन आठवड्यांची बंदी घातली. ऑगस्टमध्ये तो क्लीव्हलँडकडूनच परतला, आणि पुढे टॅम्पा बे, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, अटलांटा असा २०१६ पर्यंत रोबेर्तो हर्नांडेझ याच नावाने खेळला.