बिग बँग पण मानता आणि देव पण, हे जमतं कसं?

तुम्ही विचारलंय की बायबलमध्ये देवाने सहा दिवसांत जग केलं असं लिहिलंय, विज्ञान म्हणतं १३८० कोटी वर्षांपूर्वी बिग बँग, मग शिकलेले ख्रिश्चन लोक यातलं कुठलं तरी एक मनातून खोटंच मानत असणार, तर कुठलं? सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. मी वसईचा कॅथलिक, ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, वीसेक वर्षं झाली. मी दोन्हीपैकी काहीच खोटं मानत नाही. पण आधी यावर जे उत्तर मी द्यायचो ते चुकीचं होतं आणि ते चुकीचं आहे हे मला एका फादरमुळेच कळलं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

कॉलेजात असताना विरार लोकलमध्ये आमच्या ग्रुपमध्ये देव आहे की नाही यावर वाद व्हायचे. माझा ठरलेला मुद्दा असायचा, अरे बिग बँग थिअरी मांडणारा माणूसच आमचा फादर होता, आणि विश्वाला सुरुवात आहे म्हणजे सुरुवात करणारा आहेच की! समोरचा गप्प बसायचा आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं. पुढे एमएस्सीला असताना त्या फादरांबद्दल नीट वाचलं तेव्हा कळलं की माझा हा मुद्दा त्यांना स्वतःलाच मान्य नव्हता.

जॉर्ज लमेत्र. बेल्जियममधल्या शार्लरुआचे, जन्म १८९४. इंजिनिअरिंग शिकत होते तेवढ्यात पहिलं महायुद्ध लागलं, तोफखान्यात गेले, शौर्यपदक मिळालं, परत आल्यावर इंजिनिअरिंग सोडलं आणि गणित-फिजिक्स धरलं, सोबत सेमिनरी म्हणजे फादर व्हायचं शिक्षण. १९२३ ला फादर झाले आणि त्याच वर्षी केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले, तिथून अमेरिका. १९२७ ला त्यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांवरून दाखवलं की विश्व प्रसरण पावतंय, दीर्घिका जितकी लांब तितकी जास्त वेगाने दूर जाणार, आणि त्या वेळी जी निरीक्षणं उपलब्ध होती त्यावरून प्रसरणाचा दर पण काढला. याच विषयावरचा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबल यांचा प्रसिद्ध पेपर यानंतर दोन वर्षांनी, १९२९ ला आला. लमेत्र यांनी फ्रेंचमध्ये आणि बेल्जियमच्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या जर्नलमध्ये छापलं होतं त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. (२०१८ ला खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मतदान घेऊन हबल-लमेत्र नियम म्हणायचं ठरवलं. फार उशीर झाला पण मला खूप आनंद झाला होता.) आइनस्टाइन त्यांना १९२७ लाच ब्रुसेल्सला भेटले आणि म्हणाले, गणित बरोबर आहे पण तुमचं फिजिक्स भयंकर आहे.

मग १९३१ ला नेचरमध्ये त्यांची एक छोटीशी नोट आली, की प्रसरण उलटं नेलं तर सगळं विश्व एका आदिअणूपर्यंत जातं. हीच पुढे बिग बँग झाली, ते नाव मात्र खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९ ला बीबीसी रेडिओवर वापरलं आणि हॉइल तर या थिअरीच्या विरोधातले होते. फादर आहे म्हणून बायबलमधली निर्मितीची गोष्ट फिजिक्समध्ये घुसवतोय असा संशय बऱ्याच शास्त्रज्ञांना होता. आता गंमत नाही, खरंच लक्ष देऊन वाचा. त्या १९३१ च्या नोटच्या टाइप केलेल्या प्रतीत शेवटी एक परिच्छेद होता देवाबद्दल. त्यात साधारण असं होतं की परमेश्वर मानणारा माणूस हेही मानतो की देव मुळातच लपलेला आहे, आणि आजचं फिजिक्स निर्मितीवर एक पडदा टाकतं हे बघून त्याला बरंच वाटेल. हा परिच्छेद त्यांनी छापायच्या आधी स्वतःच्या हाताने खोडला. श्रद्धा नव्हती म्हणून खोडला नाही, आयुष्यभर ते फादर लोकांची पांढरी रोमन कॉलर घालून लेक्चर घ्यायचे. फिजिक्सच्या लेखात ती जागा देवाची नाही म्हणून खोडला. मला अजूनही ही गोष्ट वाचली की आत काहीतरी हलतं.

यापेक्षा मोठी गोष्ट २० वर्षांनी झाली. २२ नोव्हेंबर १९५१ ला पोप पायस बारावे यांनी शास्त्रज्ञांपुढे भाषण केलं आणि त्यात बिग बँगला जवळजवळ निर्मितीचा पुरावाच म्हटलं, की बायबलमध्ये देव सुरुवातीला 'प्रकाश होवो' म्हणतो, विज्ञान आता त्याची साक्ष देतंय. तुम्हाला वाटेल लमेत्र खूश झाले असतील, त्यांच्याच थिअरीला खुद्द पोपने देवाचा पुरावा म्हटलं, अजून काय पाहिजे. ते नाराज झाले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये रोमला खगोलशास्त्रज्ञांचं मोठं संमेलन होतं, पोप तिथेही बोलणार होते, तर त्याआधी लमेत्र व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल यांच्याशी बोलले आणि पोपच्या त्या भाषणात हा दावा परत आला नाही. एक साधा फादर आणि प्रोफेसर, पोपना असं करू नका म्हणून सांगायला जातो, आणि ऐकलं जातं.

का नाराज झाले? एक कारण तर फिजिक्सच्या कुठल्याही विद्यार्थ्याला कळेल. १९५१ ला बिग बँग सिद्ध झालेली नव्हती, हॉइल यांची स्टेडी स्टेट थिअरी (विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच आहे) जोरात होती, आणि प्रसरणाच्या दरावरून विश्वाचं जे वय निघत होतं ते २०० कोटी वर्षांच्या आसपास म्हणजे पृथ्वीपेक्षाही कमी, जे शक्यच नाही. त्याच १९५२ च्या रोमच्या संमेलनात वॉल्टर बाडे यांनी सांगितलं की दीर्घिकांची अंतरं आपण चुकीची धरली होती, दुप्पट करा. म्हणजे भाषणाला वर्ष व्हायच्या आत विश्वाचं वय दुप्पट झालं! अशा बदलत्या आकड्यांवर देव उभा केला तर आकडा बदलला की देव पण पडणार.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते इथे आहे. १३ व्या शतकात सेंट थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवलंय की विश्वाला सुरुवात होती हे नुसत्या बुद्धीने सिद्ध करता येत नाही, आणि समजा विश्व कायमच अस्तित्वात असतं तरी ते देवानेच निर्माण केलेलं असू शकतं. म्हणजे निर्मिती ही खूप वर्षांपूर्वी घडून गेलेली एक घटना नव्हे, जे काही आहे ते या क्षणाला सुद्धा देवावर टेकून आहे असा तिचा अर्थ. दिवा आणि त्याचा उजेड यांचं जसं असतं तसं. आता हे असं असेल तर बिग बँग बरोबर निघो नाहीतर स्टेडी स्टेट, माझ्या श्रद्धेला काही फरक पडत नाही. मी लोकलमध्ये जो देव सिद्ध करत होतो तो म्हणजे डॉमिनोजच्या रांगेतला पहिला ठोकळा ढकलणारा कुणीतरी. चर्चमध्ये ज्याच्यापुढे मी गुडघे टेकतो तो हा नाही.

राहिले सहा दिवस. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय स्वतः उघडून बघा, संध्याकाळ-सकाळ पहिल्या दिवसापासून होते आणि सूर्य चौथ्या दिवशी. दुसऱ्या अध्यायात क्रमच वेगळा, आधी माणूस मग झाडं मग प्राणी. ज्यांनी ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवली त्यांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं, त्यांना वेळापत्रक लिहायचंच नव्हतं. सेंट ऑगस्टिन यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या दिवसांवर डोकं खपवलंय, आणि इशारा दिलाय की आकाश-पृथ्वीबद्दल इतर लोकांना अनुभवाने जे पक्कं माहीत आहे त्याबद्दल ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावाने काहीही बोलला तर ती लाजिरवाणी गोष्ट आहे. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्सेत पहिलं वाचन याच अध्यायाचं असतं. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती लावून आत आणतात, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या लागतात, आणि मग 'प्रकाश होवो' वाचलं जातं. तेव्हा मला फोटॉन, म्हणजे फिजिक्समधले प्रकाशाचे कण, आठवत नाहीत. पण सोमवारी फोटॉन शिकवताना मी काही नाकारतोय असंही वाटत नाही.

सगळे ख्रिस्ती असं मानतात असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत ६००० वर्षांची पृथ्वी मानणारे अजून भरपूर आहेत, १९२५ ला टेनेसीत उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला होता. गॅलिलिओचं तर आमच्याच चर्चने केलं, १६३३ ला खटला आणि मरेपर्यंत नजरकैद. ती चूक होती, १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती मान्य केली, याला कुठलीही सफाई मी देणार नाही. आणि यावर आमचे लोक जी यादी पुढे करतात, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल फादर होते, आपल्या मुंबईत झेवियर्सचे फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर काम केलं आणि पुढे बोटॅनिकल सर्व्हेचे डायरेक्टर झाले, ते सगळं खरंय आणि मला अभिमान आहे त्यांचा, पण त्यातून एकच कळतं की दोन्ही एका डोक्यात राहू शकतात. देव आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

हे मी एवढं जीव तोडून लिहितोय कारण ही गल्लत पुस्तकात राहत नाही. माझ्या जवळच्या नात्यातल्या एका बाईंनी एका प्रार्थनासभेत कुणीतरी सांगितलं म्हणून शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या, की विश्वास असेल तर गोळी कशाला. पायाच्या जखमेवरून बोट कापायची वेळ आली. देवाला गोळीच्या जागी बसवलं की असं होतं, आणि त्याला बिग बँगच्या आधीच्या सेकंदात बसवणं ही मला त्याच जातीची चूक वाटते. मी त्यांच्यासाठी रोज रोजरी म्हणायचो आणि रोज फोन करून गोळी घेतली का पण विचारायचो.

हां, एक जागा अशी आहे जिथे मी पडद्यामागे लपू शकत नाही. येशू मेल्यावर पुन्हा उठला, हे मी मानतो आणि ते रूपक म्हणून नाही मानत. ते कुठल्याही लॅबमध्ये तपासता येणार नाही, ते मी साक्षीदारांच्या शब्दावर मानतो, आणि तुम्हाला तो शब्द पुरेसा वाटला नाही तर तुम्ही अडाणी आहात किंवा तुमचं विज्ञान कच्चं आहे असं मी म्हणू शकत नाही. इथे विज्ञानाने माझी बाजू घ्यावी अशी माझी अपेक्षाही नाही.

गेल्या वर्षी डॉप्लर परिणाम (दूर जाणाऱ्या वस्तूच्या लहरी ताणल्या जातात तो) शिकवताना दीर्घिकांचा विषय निघाला तर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सर तुम्ही चर्चला जाता ना, मग हे १३८० कोटी तुम्ही स्वतः मानता की पोर्शन म्हणून शिकवता? मी म्हटलं मानतो, आणि का मानतो ते सांगितलं, की १९६५ ला पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी एक रेडिओ खरखर सापडली, साधारण ३ केल्विन तापमानाची, म्हणजे अतिशय थंड, ती त्या सुरुवातीच्या उष्णतेची राहिलेली धग आहे. लमेत्र तेव्हा आजारी होते, जून १९६६ मध्ये वारले, जायच्या थोडे दिवस आधी त्यांना हॉस्पिटलमध्ये ही बातमी सांगितली गेली. ती मुलगी म्हणाली मग त्यांना वाटलं असेल ना की देव सिद्ध झाला? मी म्हटलं, नाही, त्यांना वाटलं असेल आपलं गणित बरोबर होतं. ती थोडा वेळ विचार करत बसली, मग वहीत काहीतरी लिहून घेतलं.