राजकीय नॅरेटिव्हमुळे देशाचे शाश्वत विकासाचे आणि संशोधनाचे धोरण खरोखर बदलते, की ते भाषणांपुरतेच राहते?

माझ्या मते धोरण निश्चित बदलते, कारण त्यात काय मोजायचे आणि काय मोजायचेच नाही, हे नॅरेटिव्ह ठरवते. मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातील ऊस उत्पादक असल्यामुळे इथेनॉलचेच उदाहरण घेतो.

2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2030 साठी होते आणि पुढे ते 2025-26 पर्यंत अलीकडे आणले गेले. अन्नदाता आता ऊर्जादाता होणार, परकीय चलन वाचणार आणि उसाचे बिल वेळेवर मिळणार, ही मांडणी शेतकऱ्यालाही पटली आणि शहरी मतदारालाही. तिच्या बळावर व्याजसवलतीची कर्जे मिळाली, कारखान्यांनी आसवन्या (इथेनॉल तयार करणारे प्रकल्प) उभारल्या आणि मिश्रणाचे प्रमाण जून 2022 पर्यंत 10 टक्क्यांवर, तर 2025 मध्ये 20 टक्क्यांपर्यंत गेले. हे मोठे यश आहे आणि त्याचा फायदा आमच्या भागालाही झाला.

मात्र या यशाचे मोजमाप लिटरमध्ये आणि टक्क्यांत झाले; पाणी आणि माती त्या हिशेबात आलीच नाही. वर्षानुवर्षे पाटपाणी पाजून क्षारपड झालेल्या कृष्णाकाठच्या रानांत उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर चढतो, उगवण विरळ होते आणि आला तो ऊसही पिवळा पडून खुरटतो. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करता येतो, पण ते पाणी ओढ्यापर्यंत नेण्यासाठी चर शेजाऱ्याच्या रानातून काढावी लागते, त्यामुळे हे काम एकट्याचे राहतच नाही. याच जिल्ह्यात दुष्काळी जतचा शेतकरी म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाची वाट पाहत असतो. ऊर्जादात्याच्या गोष्टीत या दोघांनाही जागा नाही, म्हणून धोरणातही त्यांचा विचार तोकडाच झाला.

दुसरे नॅरेटिव्ह वरचढ ठरले की काय होते, हे डिसेंबर 2023 मध्ये दिसले. पाऊस कमी झाला, लोकसभा निवडणूक तोंडावर होती आणि साखर महागू नये ही चिंता पुढे आली, तेव्हा ऐन गळीत हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली. काही दिवसांतच ती शिथिल करून इथेनॉलकडे वळवायच्या उसासाठी 17 लाख टन साखरेइतकी मर्यादा ठरवली गेली आणि पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट 2024 मध्ये निर्बंध उठले. पण आसवनीच्या कर्जाचे हप्ते कोणत्याही आदेशाने थांबत नाहीत. एवढ्या धरसोडीत नव्या तंत्रज्ञानात पैसा घालायला कोण धजावेल?

संशोधनाचीही तीच गत आहे. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर वाजपेयींनी ‘जय विज्ञान’ जोडले, 2019 मध्ये मोदींनी ‘जय अनुसंधान’ जोडले, तरी 2020-21 मध्ये संशोधन व विकासावरील देशाचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्केच होता. अणुचाचणी टीव्हीवर दाखवता येते. क्षारपड सहन करणाऱ्या उसाच्या वाणावर चाललेले कित्येक वर्षांचे काम तसे दाखवता येत नाही.

म्हणून एखादे धोरण तपासताना मी घोषणेपेक्षा दर पाहतो. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, अलीकडे दरवर्षी वाढत गेली, पण रसापासूनच्या इथेनॉलचा दर 2022-23 मध्ये लिटरला 65.61 रुपये ठरला, तो 2024-25 च्या हंगामातही तेवढाच होता.