पत्रिकेवरचे तीन ‘मानसोपचारतज्ज्ञ’

सांगलीतल्या एका व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: ‘वक्ते तीन आहेत. एकींचं स्वतःचं क्लिनिक आहे, दुसरे कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, तिसऱ्या पूरग्रस्तांसोबत ट्रॉमाचं काम करतात. तिघांनाही मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं तर चालेल का? आणि ट्रॉमाला मराठीत काय लिहू?’

नाही चालणार. शब्दाची फोड केली तर मनावरच्या उपचारांतला कोणीही जाणकार त्यात बसेल, हे खरं. पण शब्द रूढ अर्थाने चालतात. मानसोपचारतज्ज्ञ हा शब्द आपण केव्हाच सायकिअ‍ॅट्रिस्टला देऊन टाकला आहे: एमबीबीएसनंतर याच विषयात एमडी किंवा डीपीएम हा डिप्लोमा केलेला, गोळ्या लिहून देणारा डॉक्टर. मनोविकारतज्ज्ञ हाही त्याचाच शब्द, जास्त नेमका. फक्त पाटीवर ‘विकार’ दिसला की पेशंट जिन्यावरूनच मागे फिरतो. तुमची पत्रिका वाचून कोणी जुनं प्रिस्क्रिप्शन घेऊन प्राध्यापकांना गाठलं, तर त्यांनी काय करायचं?

तेव्हा आधी तिघांनाही पदवी विचारा. क्लिनिकवाल्या बाईंनी एमएनंतर दोन वर्षांचं क्लिनिकलचं एमफिल केलं असेल आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असेल, तर त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात या पदाची व्याख्याच दिली आहे. नुसतं एमए आणि समुपदेशनाचा डिप्लोमा असेल, तर समुपदेशक लिहा; त्यात कमीपणा काही नाही.

‘क्लिनिकल’ला पाठ्यपुस्तकात ‘चिकित्सालयीन’ म्हणतात. जीभ तिथे अडखळतेच, पण खरी अडचण वेगळी आहे. संस्कृतात आणि हिंदीत चिकित्सा म्हणजे उपचार. मराठीत ती कीस काढण्याकडे झुकली. ‘फार चिकित्सा करू नकोस’ असं आई भाजी निवडताना म्हणते. ‘चिकित्सक मानसशास्त्रज्ञ’ छापलंत तर बाई खुसपटं काढणाऱ्या वाटतील. मी तरी देवनागरीत सरळ ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहीन.

प्राध्यापकांचं सोपं. नेट-सेट किंवा पीएचडीने वर्गात उभं राहता येतं, तेवढ्यावर पेशंट तपासता येत नाहीत. ‘मानसशास्त्राचे प्राध्यापक’ हेच बरोबर.

आता ट्रॉमा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम. हायवेवर ‘ट्रॉमा केअर सेंटर’ अशी पाटी असते तिथे मोडलेली हाडं जोडतात, म्हणून पत्रिकेत नुसतं ‘ट्रॉमा केअर’ लिहिलंत तर लोकांना प्लास्टर आठवेल. ‘मानसिक आघात’ ठीक आहे. पण इंग्रजीत घडलेली घटना आणि तिच्यामुळे मनात उरलेलं, दोन्हींना ट्रॉमाच म्हणतात. मराठीत आघात म्हणजे घाव, आणि मागे जो राहतो तो धसका.

सांगलीच्याच गावभागात राहणारी माझी मावशी 2019च्या पुरात माळ्यावर अडकली होती. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. अजूनही कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की ती गव्हाचा डबा माळ्यावर चढवते, आणि रात्री दोनदा उठून जिन्याच्या खालच्या पायरीला हात लावून बघते, कोरडी आहे ना. तिला आघात म्हटलेलं कळणारही नाही. शेजारणी म्हणतात, ‘पुराचा धसका घेतलाय हिनं.’ या ‘घेतलाय’मध्ये दोष हळूच तिच्यावर जातो, जणू घ्यायचा की नाही हे तिच्या हातात होतं. ‘धसका बसला’ म्हणा, म्हणजे तो तिच्यावर येऊन बसला. तिसऱ्या वक्त्यांना हा फरक मुद्दाम सांगा, त्यांना कामाला येईल.

त्यांच्या नावाखाली ‘ट्रॉमातज्ज्ञ’ मात्र नको. ट्रॉमा हे कामाचं क्षेत्र झालं. त्यात समुपदेशक असतात, सायकिअ‍ॅट्रिस्ट असतात, समाजकार्याची पदवी घेतलेलेही असतात. त्यांची जी पदवी असेल ती लिहून पुढे ‘पूरग्रस्तांच्या मानसिक आघातावर काम’ एवढं जोडा.

आणि पुढच्या वर्षी खरोखरच डॉक्टर बोलावलेत, तर ‘तज्ञ’ छापू नका. तत् अधिक ज्ञ, म्हणून तज्ज्ञ. शास्त्रज्ञमध्ये असा संधी नाही, तिथे उगाच जादा ज घुसवायचा नाही.