पणजोबांचं मेडल घासू नका

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात महार पलटणीत होते, असं आजी सांगायची. ‘थे एडनले गेल्ते,’ यापलीकडे तिला माहीत नव्हतं. मूळ गाव उमरेड तालुक्यातलं. घरात एक काळपट मेडल आहे, कागद एकही नाही. ते खरंच शिपाई होते का, हे कसं शोधावं? मेडल पॉलिश करून फ्रेममध्ये लावायचं ठरलंय.
— एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : दादा, आधी ते पॉलिश थांबवा. आमच्या घरचं असंच मेडल काकांनी एका दिवाळीत चिंच-राखेनं घासलं. राजाचा चेहरा लखलखला आणि कडेवरची अक्षरं गेली. आजोबांच्या वडिलांचा पलटणीतला नंबर तेवढाच एका जागी होता. अजून आठवलं की जीव तुटतो.

नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं त्या कडेवरच असतं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार आणि १९१४-१९१८ असेल, तर ते ब्रिटिश वॉर मेडल. चांदीही काळी पडते, म्हणून ओळखीच्या सोनाराला दाखवा, पण कस लावू देऊ नका. चांदी निघाली तर बहुधा लढणारा शिपाई. कासं निघालं तर मजूर किंवा हमाल पथकातला माणूस. त्यांनीही युद्धच ओढलं, मान तेवढाच. पंखवाली स्त्री दिसली तर मात्र ते व्हिक्टरी मेडल, ते शिपायालाही काशाचंच मिळे.

आजीचं बोलणं इतिहासाशी जुळतं. १८९०च्या दशकात बंद झालेली महारांची भरती महायुद्धात पुन्हा उघडली. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९१८ मध्ये आजच्या येमेनमधल्या एडन बंदराला गेली. एडनजवळच्या लहेजमध्ये तुर्क १९१५ पासून ठाण मांडून होते. १९२० साली ही पलटण ‘७१ पंजाबी’ या दुसऱ्या पलटणीत मिसळली, १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ची, बेळगावात उभी राहिलेली. तिच्या मध्य प्रदेशातल्या सागरच्या केंद्राला लिहाल तेव्हा ‘१९१७ची १११ महार’ असं स्पष्ट लिहा.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव सापडलं नाही तर खचू नका. तिथे फक्त मेलेल्यांची नावं आहेत, तुमचे पणजोबा घरी परतले असतील.

घरात जात पडताळणीची फाईल असेलच. त्यातली कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढा. पणजोबांचा जन्म कधीचा? १९१७ साली ते पाच-सात वर्षांचे निघाले, तर मेडल त्यांच्या थोरल्या भावाचं किंवा वडिलांचं असेल. मुलांच्या जन्मनोंदीही पाहा, १९१८च्या आसपास खंड दिसतो का. आणि वडिलांचं नाव, गावाचं नाव टिपून ठेवा. जुन्या यादीत आडनाव नसेल तर माणूस त्यावरूनच ओळखू येतो.

आज एवढंच करा : कडेवर खडूची पूड बोटानं हलकेच भरा, वरची पुसा, उन्हात तिरपं धरून फोटो काढा. फोटो मला पाठवा. अक्षरं आपण मिळून लावू.